दिमिष्क, यशयाचा सतरावा अध्याय आणि आपले फॉरवर्ड

अंजिराखाली · २५ जून २०२५, रात्री १०.४०

रविवारी संध्याकाळी दमास्कसच्या दुवेला भागातल्या मार एलियास चर्चमध्ये उपासना चालू होती. हल्लेखोराने आधी गोळीबार केला, मग स्वतःला उडवून दिलं. पंचवीस माणसं गेली. सोमवारी सकाळी सातच्या आत आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर मेसेज हजर. मला वाटलं श्रद्धांजली असेल. उघडला तर लाल अक्षरांत 'यशया १७:१ पूर्ण होत आहे!!', खाली धुराचा कुठलातरी जुना फोटो, त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात आणि दोन 'हालेलूया'.

त्या दोन हालेलूयांनी दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यशया हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला यरुशलेमचा संदेष्टा. त्याच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय दिमिष्काबद्दल आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात दमास्कसचं नाव दिमिष्क. पहिल्याच वचनाचा आशय असा की हे शहर शहर म्हणून उरणार नाही, नुसता ढिगारा होईल. आता दमास्कस तर आजही उभं आहे, लाखो लोक राहतात, म्हणजे भविष्य अजून पुरं व्हायचंय, असा हिशेब. २०११ मध्ये सीरियात उठाव झाला तेव्हा हा हिशेब फिरला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रासायनिक हल्ला झाला तेव्हा फिरला. गेल्या ८ डिसेंबरला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद पळाला तेव्हाही फिरला. या महिन्यात इराण-इस्राएलची जुंपली तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एलाम (आजच्या इराणचाच एक जुना भाग) बाहेर काढला होता, आता पुन्हा यशया.

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. जन्म वर्कशॉपमध्ये गेला, रविवारी शाब्बाथशाळेत पोरांना शिकवायचो, एवढंच. पण पोरांना शिकवताना एक सवय लागते : वचन सांगायचं तर आधीची दोन पानं वाचून जायचं, नाहीतर पोरं उघडं पाडतात. तर सतराव्याच्या आधी सातवा वाचा.

यहूदात, म्हणजे यरुशलेमच्या राज्यात, आहाज राजा, विशीत गादीवर आलेला. उत्तरेला दोन शेजारी, शोमरोनचा, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलचा, पेकह आणि दिमिष्काचा रसीन. पूर्वेकडून अश्शूरचा (असीरियाचा) राजा तिग्लथ-पिलेसर एकेक राज्य गिळत येतोय. त्याच्याविरुद्ध आघाडी करायची म्हणून हे दोघे आहाजाला ओढतायत. तो येईना, तेव्हा यरुशलेमवर चाल करून त्याला खाली खेचायचं आणि ताबेलाच्या मुलाला बसवायचं असं त्यांचं ठरलं. हल्ली याला सत्तापालट म्हणतात. बातमी आली तेव्हा राजाचं आणि प्रजेचं मन वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं, असं यशया लिहितो.

यशया त्याला गाठतो कुठे? देवळात नाही, दरबारातही नाही. वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाला, परटाच्या शेताच्या वाटेवर. वेढा पडणार म्हणून राजा पाण्याची सोय बघायला गेला असावा, असं मला नेहमी वाटतं (वर्कशॉपचा माणूस, मला आधी पाइपलाइनच दिसणार). यशयाने मुलाला बरोबर आणलंय. मुलाचं नाव शआर-याशूब, म्हणजे 'उरलेले परत येतील'. निरोप असा : घाबरू नकोस, ते दोघे म्हणजे विझत आलेली, धुमसणारी दोन कोलितं आहेत. विश्वास धरला नाहीस तर तू टिकायचा नाहीस.

आणि याच प्रसंगात इम्मानुएलचं वचन येतं : मुलगा होईल आणि त्याचं नाव इम्मानुएल, 'देव आमच्याबरोबर', ठेवतील. दर नाताळात आपण वाचतो ते. दिमिष्काच्या भानगडीतून आलेलं वचन आपण झगमगीत तारा लावून वाचतो आणि भानगड विसरतो.

आता फॉरवर्डवाल्यांसाठी मुद्दा. आठव्या अध्यायात यशयाला आणखी एक मुलगा होतो, महेर-शालाल-हाश-बज. (पोरांना हे नाव पाठ करायला लावलं की वर्ग अर्धा तास शांत.) आणि तिथे मुदतच दिली आहे : हे पोर आई-बाबा म्हणायला शिकायच्या आत दिमिष्काची दौलत अश्शूरच्या राजापुढे वाहून नेतील. पोर बोलायला किती दिवस लावतं? फार तर दोन वर्षं. पावणेतीन हजार नाही.

झालंही तसंच. इ.स.पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडलं. 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एका ओळीत येतं : नगर घेतलं, लोकांना कीरला नेलं, रसीनाला ठार केलं. तिग्लथ-पिलेसरने स्वतःही कोरून ठेवलंय. रसीनाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं त्याच्याच शहरात कोंडलं, बागा तोडल्या, दिमिष्काच्या सोळा जिल्ह्यांतली ५९१ गावं जलप्रलयानंतरच्या ढिगाऱ्यांसारखी केली. ढिगारा हा शब्द दोघांच्याही तोंडी आहे. अरामाचं, म्हणजे दिमिष्काचं, राज्य गेलं, अश्शूरचा सुभा झाला. पुढे शंभरावर वर्षांनी यिर्मया पुन्हा दिमिष्काबद्दल बोलतो, आणि आणखी सहाशे-साडेसहाशे वर्षांनी प्रेषित पौल त्याच शहरात आंधळा होऊन शिरतो. म्हणजे शहर होतं, राज्य नव्हतं.

पण मला बोलायचंय ते आहाजाबद्दल. यशयाचं ऐकायचं सोडून त्याने अश्शूरला निरोप धाडला : मी तुझा दास, तुझा पुत्र, येऊन मला सोडव. सोबत देवळातलं सोनं-रुपं. अश्शूरी लेखात खंडणी देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव सापडतं. शत्रू मेला, काम झालं. मग आभार मानायला आहाज जिंकलेल्या दिमिष्काला गेला, तिथली एक वेदी त्याला आवडली, तिचा नकाशा काढून उरीया याजकाकडे पाठवला आणि राजा घरी पोचायच्या आत यरुशलेमच्या देवळात तशी वेदी उभी. परमेश्वराची जुनी पितळी वेदी सरकवून बाजूला.

सीरियातल्या ख्रिस्ती लोकांना पन्नासेक वर्षं हाच सौदा सांगितला गेला. आम्ही आहोत म्हणून तुम्ही आहात. असद बाप १९७० पासून, असद मुलगा २००० पासून. बहुतेक धर्मगुरूंनी तो मान्य केला, काहींनी जाहीर स्तुतिस्तोत्रं गायली. एका रात्रीत रक्षणकर्ता विमानात बसला आणि मॉस्कोला गेला. राहिले ते दुवेलात उपासनेला आलेले लोक.

त्या पंचवीस जणांना आपण ज्या अध्यायात कोंबतोय तो त्यांच्यावर लिहिलेलाच नाही. त्यांच्यासाठी काही लिहिलं असेल तर ते परटाच्या वाटेवरचं बोलणं. तुमच्याकडे काय सांगतात? विशेषतः उपदेश करणाऱ्यांनी लिहा.

---

तिसरीघंटा · २५ जून, ११.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. महेर-शालाल-हाश-बज पाठ केलं.

---

बावखल · २६ जून, सकाळी ७.०५

छान लिहिलंय. आमच्या वसईकडे कॅथलिकांत हे यशया १७ चं वेड कमी, कारण मिस्सेत वाचनं ठरलेली असतात, ज्याला जे सुचेल ते काढता येत नाही. (आमच्याकडे वेड वेगळ्या प्रकारचं, त्यावर स्वतंत्र धागा होईल.) या आठवड्यात फादरांनी विश्वासूंच्या प्रार्थनेत दमास्कसचं नाव घेतलं, बस.

दोन गोष्टी जोडतो. मार एलियास म्हणजे आपला एलीया. ईजबेली राणीच्या धाकाने पळून होरेबच्या गुहेत बसलेल्या एलीयाला देव सांगतो, दिमिष्काच्या रानाच्या वाटेने परत जा आणि हजाएलाला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर. यहुद्यांचा संदेष्टा परक्या देशाच्या राजाला अभिषेक करायला निघतो, तेही दिमिष्कात! त्या शहरातल्या चर्चला एलीयाचं नाव असावं यात मला फार अर्थ दिसतो.

दुसरी गोष्ट. अंत्युखिया, जिथे शिष्यांना पहिल्यांदा 'ख्रिस्ती' म्हटलं गेलं, ते शहर आज तुर्कस्तानात आहे आणि ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते जवळजवळ भुईसपाट झालं. तिथला ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) मात्र कित्येक शतकांपासून दमास्कसला असतो. त्याचं कॅथेड्रल प्रेषितांच्या कृत्यांतल्या 'नीट नावाच्या रस्त्या'वरच आहे, जिथे आंधळा झालेला पौल उतरला होता. म्हणजे ढिगारा झाला तो अंत्युखियाचा, ज्याच्यावर कुणी फॉरवर्ड केला नाही.

---

पाळकपुत्र · २६ जून, ९.३०

लेखकाशी काही अंशी सहमत. हालेलूयाबद्दल पूर्ण सहमत, ते लाजिरवाणं आहे. पण धर्मशास्त्राच्या अंगाने तुम्ही हात राखून खेळलात.

तुम्हीच म्हणता, इम्मानुएलचं वचन आहाजाच्या काळातल्या मुलाबद्दल होतं आणि त्याला मुदत होती. बरोबर. मग मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात तेच वचन येशूला कसं लावतो? सात-साडेसातशे वर्षांनंतर! एकदा पुरं झालेलं वचन पुन्हा भरून वाहू शकतं, हे खुद्द नव्या कराराने शिकवलं. घाटात उभं राहिलं की पुढचा डोंगर आणि मागचा डोंगर एकमेकांना चिकटलेले दिसतात, मधली दरी चालायला लागल्यावर कळते. संदेष्ट्यांचं तसंच. मग सतराव्या अध्यायालाच तेवढी कुंपणं का? 'दिमिष्क शहर राहणार नाही' हे ७३२ मध्ये अक्षरशः झालं नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.

माझे वडील चाळीस वर्षं पाळक आहेत. ते हे वचन शेवटच्या काळाशी जोडून सांगतात. ते अडाणी नाहीत आणि दगडाच्या काळजाचे तर नाहीतच. सरसकट 'फॉरवर्डवाले' म्हणू नका.

---

निरीश्वर · २६ जून, १०.०२

बाहेरच्या माणसाचं मत. पहिल्यांदा खरं ठरलं तर सिद्ध, नाही ठरलं तर दुसऱ्यांदा ठरेल, असं असेल तर भाकीत कधी चुकणारच नाही. नॉस्ट्राडेमसवाले तरी वेगळं काय करतात?

बाकी ५९१ गावं ही माहिती नवीन. धन्यवाद.

---

अंजिराखाली · २६ जून, रात्री ९.५०

@पाळकपुत्र, मानलं. मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळलाच होता, कारण उत्तर नीट सुचत नव्हतं. वडिलांना दुखवायचा हेतू नव्हता, त्यांना माझा सलाम सांगा.

दिवसभर विचार केला. मत्तय इम्मानुएल हे नाव उचलतो तेव्हा त्याला दिसतंय ते एक बाळ, 'देव आमच्याबरोबर'. जुन्या वचनाला तो नवा माणूस देतो. आपण यशया १७ उचलतो तेव्हा धुराचा फोटो शोधतो. मत्तयाची परवानगी पहिल्या कामासाठी आहे. दुसऱ्यासाठी ती वापरायची तर आपला प्रभू मत्तय २४ मध्ये काय म्हणतो तेही सोबत छापावं : लढाया आणि लढायांच्या अफवा ऐकाल, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आहाजाला सांगितलेलंच जवळजवळ. आपण मात्र ऐकलं रे ऐकलं की शेवट जाहीर करतो.

शहर 'अक्षरशः' गेलं नाही याबद्दल. सतराव्या अध्यायात दिमिष्काचं राज्य आणि एफ्राईमचा किल्ला एकाच श्वासात येतात. एफ्राईम म्हणजे उत्तरेचं इस्राएल, ते इ.स.पू. ७२२ च्या सुमाराला शोमरोनबरोबर बुडालं. अर्धं वचन तेव्हाचं आणि अर्धं आजचं कसं करायचं? पूर्ण अध्याय आजचा करायचा तर इस्राएलच्या देहाची चरबी झडेल हेही आजचं करावं लागेल, आणि ते वचन फॉरवर्डमध्ये कुणीच घालत नाही. गंमत आहे.

@निरीश्वर, म्हणूनच मुदत महत्त्वाची वाटते. ज्याने मुदत दिली त्याने चुकायची जोखीम घेतली.

---

काळाघोडा · २७ जून, दुपारी १.२०

मुंबईकरांसाठी एक अवांतर, पण विषयाला धरून. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अश्शूरी राजवाड्यांतले कोरीव दगड आहेत, बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८४० च्या दशकात लेयार्ड या इंग्रज संशोधकाने अश्शूरची जुनी राजधानी निमरूद खणली तेव्हा पेट्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीने बसऱ्याला यायच्या, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग लंडनला. मुंबईच्या गोदीत त्यातल्या काही पेट्या उघडून लोकांना वस्तू दाखवल्या गेल्या, आणि लेयार्डला ते अजिबात आवडलं नाही.

त्या वाटेने गेलेल्यांत काळा ओबेलिस्क (कोरीव दगडी स्तंभ) होता. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याचा. त्याच्यावर इस्राएलचा राजा येहू (किंवा त्याचा वकील) जमिनीला कपाळ टेकून खंडणी देतोय, इ.स.पू. ८४१ ची गोष्ट. पवित्र शास्त्रातल्या राजाचं ते सर्वांत जुनं चित्र मानतात. आहाजाच्या शंभर वर्षं आधी येहूनेही तेच केलं होतं, आणि तेव्हाही शेजारी अडचणीचा होता तो दिमिष्काचाच, वर बावखल म्हणतात तो हजाएल. त्या कपाळ टेकलेल्या राजाचा दगड आपल्या बंदरात येऊन गेला.

जिथून तो निघाला ते निमरूद इसिसने २०१५ मध्ये स्फोटकांनी उडवलं. अश्शूरचा ढिगारा.

---

मिरीआजी · २७ जून, दुपारी ४.००

सगळे हुशार आहात. त्या मेलेल्यांत लहान लेकरं होती का कुणी विचारलं? घरच्यांचं काय? प्रार्थना करा आधी, मग अश्शूर.

---

कुवेतकर · २८ जून, रात्री १२.३५

वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

माझ्या टेबलासमोर एक सीरियन ख्रिस्ती बसतो. नाव देत नाही, मोठा भाऊ म्हणतो त्याला. घर बाब तूमामध्ये, दमास्कसचा जुना ख्रिस्ती भाग. कोकणातला मी आणि तो, आम्ही दोघं रोज डबा वाटून खातो. त्याला आपली थालीपीठं आवडतात, तो त्यावर झातर नावाचा तिकडचा मसाला आणि तेल टाकतो, आणि छान लागतं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी आला. त्याच्या मावशीची शेजारीण त्या चर्चमध्ये होती, ती वाचली, तिचा भाऊ नाही. आमच्या ऑफिसातल्या एका केरळी बंधूने त्याला मोठ्या प्रेमाने यशया १७ चा मेसेज दाखवला, धीर म्हणून. माझ्या या मोठ्या भावाने वाचला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, 'म्हणजे माझी आई मरायला पाहिजे, तेव्हा तुमचं पुस्तक खरं होणार?' नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. केरळी बंधू रडला शेवटी.

पण अंजिराखाली काका, तुमच्याशीही थोडं भांडायचंय. तुमचा लेख मी त्याला इंग्रजीत सांगितला. आहाजाचं ऐकून तो हसला. म्हणाला, बाबांच्या दुकानात राष्ट्रपतींचा फोटो होता. प्रेमाने लावला नव्हता, कुलूप लावतात तसा लावला होता. न लावणाऱ्याचं काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक. २०१३ मध्ये मालूला गावावर हल्ला झाला, जिथे अजून येशूच्या भाषेची, अरामीची, एक बोली बोलतात. मठातल्या तेरा जोगिणी पळवल्या, तीन महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटल्या. अलेप्पोचे दोन बिशप त्याच वर्षी एप्रिलमध्ये पळवले, त्यांचा पत्ता आजवर नाही. 'अशा वेळी तुझ्या यशयाने मला परटाच्या वाटेवर गाठून सांगितलं असतं की घाबरू नकोस, तर मी विचारलं असतं, तू राहतोस कुठे?'

मी काय उत्तर देणार. तुम्ही द्या.

---

अंजिराखाली · २८ जून, सकाळी ६.१०

@कुवेतकर, तुझं वाचून उठलो आणि अंगणात फेऱ्या मारल्या.

त्याला सांग, यशया त्याच शहरात राहत होता. शहर पडलं असतं तर त्याचं घर आणि त्याची दोन्ही पोरं त्याच भिंतीच्या आत होती. म्हणून त्याला बोलायचा हक्क होता. मला नाही, हे मान्य. मी नगरच्या अंगणात बसून दुकानातल्या फोटोला वेदी म्हणालो. राजाने सौदा करणं आणि दुकानदाराने फोटो लावणं एक नाही. आहाज राजा होता, त्याच्यापुढे दुसरा रस्ता होता. मूळ लेखातलं ते 'हाच सौदा'चं वाक्य मागे घेतो. धर्मगुरूंच्या जाहीर स्तुतिस्तोत्रांबद्दलचं मात्र ठेवतो.

मिरीआजी, तुमचं बरोबर. आज संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनेला सात-आठ जण येतील.

---

बावखल · २८ जून, दुपारी ३.४०

संरक्षणावरून आठवलं. १८६० मध्ये दमास्कसच्या ख्रिस्ती वस्तीत मोठी कत्तल झाली, हजारो गेले, वर म्हटलं ते कॅथेड्रलही जाळलं. तेव्हा हजारो ख्रिस्ती लोकांना आपल्या वाड्यात घेऊन वाचवलं ते अब्द अल-कादिर या अल्जीरियन अमीराने. फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढून हरलेला, कैद भोगलेला, दमास्कसला परागंदा असलेला मुसलमान. त्याने काही मागितलं नव्हतं. आहाजाच्या सौद्यापलीकडेही संरक्षण असतं. शेजारी देतो ते.

तसंच दमास्कसच्या उमय्या मशिदीचं. आधी हदाद या अरामी देवाचं देऊळ (ज्या रिम्मोनापुढे वाकावं लागतं म्हणून अरामाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याची माफी मागतो, तोच हदाद), मग रोमनांचं ज्युपिटरचं, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं चर्च, आठव्या शतकात मशीद. योहानाची कबर म्हणून एक घुमटी आजही आत आहे आणि मुसलमान तिथे दुवा मागतात. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. दक्षिणेच्या जुन्या दारावर ग्रीक अक्षरं अजून शाबूत आहेत : हे ख्रिस्ता, तुझं राज्य सर्वकाळचं राज्य आहे. तेराशे वर्षांत कुणी खोडली नाहीत.

---

निरीश्वर · २८ जून, सायं. ६.००

हे शेवटचं आवडलं. देव न मानताही आवडलं.

---

पाळकपुत्र · १७ जुलै २०२५, रात्री ८.१५

धागा वर काढतोय. काल इस्राएलने दमास्कसमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर बॉम्ब टाकले, दक्षिणेच्या सुवेदामध्ये द्रुझ या अल्पसंख्य पंथाची माणसं मारली जातायत. मार्चमध्ये किनाऱ्यावर अलावी पंथाचे लोक मारले गेले. आणि अर्थातच काल रात्रीपासून यशया १७, या वेळी व्हिडिओ, संगीतासकट.

तो बाबांकडेही आला. मी त्यांना हा धागा छापून दिला होता दोन-तीन आठवड्यांपूर्वी. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, समासात पेन्सिलीने खुणा केल्या, आणि आहाजाच्या वयापाशी 'बरोबर' असं लिहिलं. मत बदललं म्हणत नाहीत. शेवटच्या काळाचं त्यांचं म्हणणं तेच आहे आणि खरं सांगायचं तर माझंही बऱ्यापैकी तेच आहे. पण या रविवारी त्यांनी सतरावा अध्याय पहिल्या वचनावर न थांबता सहाव्यापर्यंत वाचला. जैतून झोडपल्यावर शेंड्याला दोन-तीन फळं राहतात, तशी माणसं राहतील, ते वचन. मग पुस्तक मिटून म्हणाले, आज आपण त्या दोन-तीन फळांसाठी प्रार्थना करू. ख्रिस्ती, द्रुझ, अलावी, सुन्नी, कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. एका बाईंनी नंतर विचारलं की जैतून झोडपतात म्हणजे काय, तेव्हा बाबांनी चिंचेचं उदाहरण दिलं.

---

मिरीआजी · १७ जुलै, ९.००

चिंच बरोबर. शेंड्याची नेहमी राहते, काठी पोचत नाही.

---

तिसरीघंटा · १७ जुलै, ९.२०

कुवेतकर, तुमचा भाऊ कसा आहे?

---

कुवेतकर · १८ जुलै, रात्री ११.५०

बरा आहे. आई अजून बाब तूमामध्येच. सोळा तारखेला स्फोटांनी खिडक्या वाजल्या, बाकी काही नाही. तिला इकडे आणायचं म्हणतो, ती येत नाही. म्हणते, कुंड्यांना पाणी कोण घालणार.

काका, तुमचं उत्तर त्याला सांगितलं होतं, यशया त्याच भिंतीच्या आत राहायचा ते. ऐकून म्हणाला, 'मग ठीक आहे, त्याला बोलू दे.' हसत नव्हता.

मग मी त्याला विचारलं, तुमच्या घरापासून तो पौलाचा रस्ता किती लांब? म्हणाला, चालत सात-आठ मिनिटं. अर्ध्याला आता मिधत पाशा बाजार म्हणतात, अर्ध्याला बाब शर्की. मी सांगितलं, आमच्या पवित्र शास्त्रात त्याला 'नीट' रस्ता म्हणतात, आणि नीट म्हणजे सरळही आणि व्यवस्थितही. त्याने दोनतीनदा शब्द म्हणून पाहिला, 'नीत, नीत'. मग म्हणाला, सरळ तर तो कधीच नव्हता, कमानीपाशी जरा वळतो. आणि व्यवस्थित म्हणशील तर गटाराचं काम बाकी आहे.